थरथरत्या हातांचा टाळ

देव आहे की नाही, यावर कॉलेजात आम्ही उत्साहाने वाद घालत असू. मी ‘नाही’च्या बाजूचा. पण त्या वर्षी माझ्यापुढचा प्रश्न वेगळाच होता. सकाळी दारूचे दोन घोट पोटात गेल्याशिवाय माझ्या हातात लेखणी ठरत नव्हती. निपाणीजवळच्या आमच्या खेड्यात, आमच्या घरात कागद वाचता येणारा मी पहिला. आप्पा तंबाखू पिकवायचे, आणि ‘आमचं पोरगं बेळगावात कालेजात हाय’ हे सांगताना त्यांची मान ताठ व्हायची. इकडे वसतिगृहाच्या रेक्टरांनी मला शेवटची ताकीद दिली होती. पुन्हा तोंडाला वास आला, तर वळकटी उचलून घरी.

एकदा जेवताना माझ्या हातातली आमटीची वाटी हिंदकळून पानात सांडली. आमचा आचारी रामाप्पा पान पुसता पुसता हळूच म्हणाला, “निपाणीला जा. तिथं तंबाखूच्या एका वखारीत सोमवारी दुपारी भजन असतंय. पिणं सोडल्याली माणसं बसत्यात. माझा भाऊ तिथंच सुधारला.” मी हसून सोडून दिले. पण सोमवारी सकाळी मोटारीत बसलो. निघताना दोन घोट घेतलेच.

लढाईचे दिवस होते, मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. वंटमुरीच्या चढाला तिचा दम संपला आणि सगळ्यांबरोबर मीही पायी चढ चढलो. तेव्हाच अंगाला कापरे सुटले होते.

निपाणीत उतरलो आणि माझी चूक झाली. दारू सोडलेल्यांचे भजन कुठे, असे विचारायला जीभ उचलेना. आप्पांचा तंबाखू याच पेठेत यायचा. ओळखीचे कोणी भेटले तर? म्हणून मी फक्त ‘तंबाखूची वखार कुठे’ एवढेच विचारत राहिलो. निपाणीत वखार विचारणे म्हणजे नदीत उभे राहून पाणी विचारणे! एका वखारीतला दिवाणजी म्हणाला, “माल दावायचाय व्हय? मग नमुना कुठं हाय?” मागून एक हमाल हसला, “नमुना त्योच की! कापडं मास्तराची नि हुडकतोय वखार.” मी हात पिशवीखाली लपवून बाहेर पडलो. अशा चार वखारी झाल्या. तंबाखूच्या खकाण्याने घसा जळत होता, ऊन कलले होते. भजन आता संपतही आले असेल, असे वाटू लागले. आणि एका वळणावर गुत्ता समोर आला. ते दार तेवढे न विचारता सापडले.

मी पायरीशी उभा राहिलो. एकच घोट, मग नीट शोधू, असे मनाने ठरवूनही टाकले. तेवढ्यात डोक्यावर पाटी घेतलेली एक प्रौढ बाई थांबली.

“कुणाला हुडकतोस रं लेकरा?”

“तंबाखूची वखार...”

“खोटं कशाला बोलतोस? हात बघ की तुझं. असलं हात घेऊन आलेला माणूस हितं दोनच दारं हुडकतो. एक ह्ये. दुसरं दावते, चल.”

ती पुढे, मी मागे. दोन बोळ ओलांडून एका लाकडी दाराशी ती थांबली. आतून मृदंग ऐकू येत होता. “तुम्ही नाही येत?” मी विचारले. ती म्हणाली, “माझा मालक त्या पायरीवनं ह्या दारापातूर कधी आला न्हाय. जा तू.”

आत पोत्यांवर बारा-तेरा माणसे बसली होती. कोणी नाव विचारले नाही, जात विचारली नाही. तुळशीची माळ घातलेल्या एका म्हाताऱ्या हमालाने माझ्या हातात टाळ दिला. हात कापत होते, त्यामुळे तो भलत्याच वेगाने किणकिणू लागला. कोणीतरी म्हणाले, “पावनं लई घाईत हाईत!” सगळे हसले. मी टाळ खाली ठेवू लागलो, तसे म्हाताऱ्याने मनगट धरले. “ठेवू नगं. हितं ज्येचं हात लई थरथरत्यात, टाळ त्येचा. वाजू दे.” मृदंगवाल्याने माझ्या थरथरीभोवती ठेका सावरून घेतला.

भजन संपल्यावर एकेक जण म्हणू लागला, “आज पिलो न्हाय. उद्याचं विठोबाकडं.” पाळी माझ्याकडे सरकत होती. खोटे बोलणे सोपे होते, दिवसभर तेच केले होते. माझ्या तोंडून निघाले, “मी सकाळी प्यालोय.”

आता बाहेर काढतील, असे मला वाटले. म्हातारा म्हणाला, “मग आत्तापासनं म्हण की.”

मी म्हणालो. नंतर जमेल तितके सोमवार गेलो. मध्ये एकदा घसरलो, तेव्हा पुन्हा ‘आत्तापासनं’ म्हणालो. सुट्टीत आप्पांनाही सांगितले. पुढच्या सोमवारी पेठेत जाताना ते मला त्या दारापर्यंत सोडून गेले.

त्या बाईला मी पुष्कळ शोधले. ती पुन्हा दिसली नाही. हा चमत्कार होता, असे मी म्हणत नाही. पेठेत अशा शेकडो बाया पाट्या वाहतात. मला एवढेच कळते की जे हात मी दिवसभर लपवत होतो, त्या हातांवरूनच कोणीतरी मला ओळखले. शरण जाणे म्हणजे काय, ते माझ्यापुरते मला तेवढ्यातच उमगले.

परवाच्या सोमवारी दारात एक अनोळखी माणूस आला. हात त्याने सदऱ्याच्या खिशात कोंबले होते. म्हाताऱ्याने माझ्याकडे नुसते पाहिले. मी उठून माझ्या हातातला टाळ त्याच्या हाती दिला. तो भलत्याच वेगाने किणकिणू लागला, आणि या वेळी मीच म्हणालो, “पावनं लई घाईत हाईत!” सगळे हसले, तोही हसला. मग माझ्या मोकळ्या हातांनी मी टाळी धरली.