तिरिपावहिनी पाण्याखाली उतरते

माझा भाऊ एरुएती तीस वर्षं आमच्या गावच्या समुद्रात, कोलॅक बे नावाच्या खाडीच्या खडकांत भाल्याने मासे मारायचा. गेल्या हिवाळ्यात, म्हणजे आमच्याकडे जूनमध्ये, त्याच्या कानाचा पडदा फाटला आणि डॉक्टरांनी सांगून टाकलं, आता बुड्या मारणं बंद. आठवडाभर तो खिडकीशी तोंड पाडून बसला. मग एकदा जेवताना पुटपुटला, "या घरात आता ग्रीनबोन मासे कोण आणणार?"

"मी," तिरिपावहिनी म्हणाली.

वहिनी सत्तावन्न वर्षांची, शाळेची बस चालवते. पोहते छान, पण रिव्हर्टनच्या जलतरण तलावात. भावाला हसता हसता ठसकाच लागला. "अगं, दहा अंशांचं पाणी असतं ते! तू नळाला कढत पाणी येईपर्यंत बाथरूमच्या दारात उभी राहणारी!"

"जाड कपडे घालीन," ती म्हणाली आणि त्याच्या ताटातला बटाटा उचलून खाल्ला.

मी भाला कधी धरला नाही, पण लहानपणापासून बुड्या मारते, म्हणून शनिवारी तिच्याबरोबर इन्व्हरकार्गिलच्या दुकानात गेले. वहिनीने सरळ हवेच्या टाकीवर बोट ठेवलं. "ही द्या. श्वास कोंडायची भानगडच नको."

दुकानदार लॅकी डोकं खाजवत म्हणाला, "टाकी हवी तर आधी रीतसर शिकून या, बाई. आणि खरं सांगू? बुडबुड्यांचा आवाज झाला की ग्रीनबोन शेवाळात गडप. टाकी राहू द्या, पैसे बुडीच्या रबरी सुटात घाला."

त्याने सात मिलिमीटर जाडीचा, डोक्यावरची टोपी जोडलेला सूट काढला. वहिनी पडद्याआड गेली. आतून धडपडीचे आवाज, मग हाक आली, "वन्सं, आत या! मी अडकले!" एक हात बाहीत, दुसरा डोक्यावर, तोंड लालबुंद. मी ओढलं, तिने ओढलं, दोघीही भिंतीवर आदळलो. "मोठा मागू का?" मी विचारलं.

"मुळीच नाही," बाहेरून लॅकी ओरडला. "सैल सुटात पाणी खेळतं आणि अंगातली ऊब घेऊन जातं. घट्टच बरा!"

मास्क निवडताना त्याने पट्टा न लावता तो तिच्या चेहऱ्यावर टेकवला. "नाकाने श्वास ओढा आणि हात सोडा." दोन मास्क खाली पडले. तिसरा चिकटून बसला, तोच घेतला. मग हातमोजे, बूट, पायांत घालायचे फिन्स, बुडायला मदत करणारा, एका हाताने सुटणारा शिशाचा कमरपट्टा आणि रबर ताणून सोडायचा साधा भाला.

दोन महिने आम्ही तलावात सराव केला. नियम एकच: एक खाली, तर दुसरी वर तिच्यावर नजर ठेवून. सप्टेंबरात समुद्रावर गेलो. भाऊ होडीत सुकाणूला. वहिनीने उडी मारली, "आई गं!" म्हणून किंचाळली आणि खाली जाईचना. जाड रबराने तिला बुचासारखं वर धरलं होतं.

"पेंग्विन बरा दिसतोय!" भाऊ ओरडला.

"गप्प बस आणि शिसं दे!"

दोन वजनं वाढवली. पुढची बुडी नीट गेली. पहिला मासा हुकला, दुसरा हुकला, तिसऱ्या वेळी भाला खडकावर आपटला. भाऊ वरून शिकवत होता, "पाठलाग करू नकोस! शेवाळात गप्प पडून राहा, तोच बघायला येईल."

मी वरून बघत होते. शेवाळाचे रुंद पट्टे लाटेबरोबर इकडून तिकडे जात होते आणि वहिनीही त्यांच्याबरोबर डुलत होती. एक लांबोडका, तपकिरी मासा हळूच पुढे आला. तिने रबर सोडलं.

ती वर आली ती मासा टोचलेला भाला उंच धरूनच. नुसती हसत होती, थंडीने दात वाजत होते. भाऊ होडीत उभा राहून असा नाचला की ती उलटू नये म्हणून मी तिची कड धरून ठेवली.

पहिला मासा आमच्याकडे दुसऱ्याला द्यायचा असतो. तो कुराआत्याला गेला, ती नव्वदीची. तिने लोण्यात तळलेला तुकडा तोंडात घातला, हिरवे काटे बशीच्या कडेला ओळीने लावले आणि भावाकडे वळली.

"चांगला मारलास रे."

"मी नाही, आत्या. हिने."

आत्याने वहिनीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. सुटाचे वळ अजून तिच्या कपाळावर होते.

"मग हिलाच सांगते," आत्या म्हणाली. "उद्या मोकी मासळी आण. मोठी आण, माझ्या बहिणी जेवायला येणार आहेत."