काकूंच्या टेपांमधली आई

व्हिडिओ कॅमेरा हातात आला की कुमुदकाकू समोरच्याला दम द्यायच्या, "हलायचं नाही हं, बिल्कुल! नुसतं बोला." दिल्ली कँटोन्मेंटमध्ये आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये त्या राहायच्या. काका बाबांच्याच युनिटमध्ये सुभेदार. परदेशातल्या पोस्टिंगवरून त्यांनी आणलेला कॅमेरा काकूंनी आल्या आल्या ताब्यात घेतला. हळदीकुंकू, पोरांची भांडणं, गच्चीवरचे पापड, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे.

सगळ्यात जास्त त्यांनी टिपलं माझ्या आईला. दोघी साताऱ्याकडच्या. दुपारी कामं आटोपली की आई काकूंकडे जाऊन बसायची, आणि सुट्टीच्या दिवशी मला भिंतीपलीकडून तिचं हसणं ऐकू यायचं. आमच्या घरात ती अशी कधी हसत नसे. घरात डबे, माझा अभ्यास, बाबांची न मिळणारी रजा. काकूंकडे असं काय आहे, या विचाराने मी धुमसत बसायचे.

गेल्याच्या गेल्या वर्षी आई गेली. माझ्याकडे उरले ते फोटो, सगळे गंभीर. हलणारी, बोलणारी आई होती फक्त काकूंच्या ट्रंकेत.

एक दिवस त्यांचा फोन आला. "विजू, टेपा खराब व्हायला लागल्यात गं. करोल बागेत एक जण कॉम्प्युटरवर उतरवून देतो म्हणे."

"आईच्या टेप माझ्याकडे द्या काकू, मी करून घेते."

"छे! मी स्वतः नेणार. तू यायचं तर ये. शैला माझ्याकडे आहे, ती मी कुणाच्या हातात द्यायची नाही."

माझी आई, आणि म्हणे हिच्याकडे आहे! अंगाचा नुसता तिळपापड झाला. तरी गुरुग्रामहून मेट्रोने गेलेच.

दुकानदाराने कॅसेटचं झाकण उघडून आतली पांढरी बुरशी दाखवली. "आंटीजी, साफ करके चला दूँगा. पर बीच में टूट गई तो गई समझो."

"चलाओ भैया," काकू म्हणाल्या, आणि त्यांनी माझा हात घट्ट धरला.

पडद्यावर आधी नुसत्या रेघा आल्या. मग थंडीतलं ऊन, व्हरांड्यातली चटई, आणि मटार सोलत बसलेली आई. कशावर तरी ती डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसत होती.

"बघ, आता पदर तोंडाला लावेल," काकू पुटपुटल्या. आईने पदर तोंडाला लावला. "आता माझ्या पाठीत धपाटा घालायला उठेल." आई उठलीच. मला तिची ही सवय माहीतच नव्हती. शेजारच्या बाईला माझी आई पाठ होती.

इतक्यात टेपमध्ये शाळेच्या बसचा हॉर्न वाजला. आईने हातातल्या शेंगा तशाच टाकल्या.

"थांब की गं शैले, एवढं सांगून जा!" कॅमेऱ्यामागून काकूंचा आवाज.

"विजू आली," म्हणत आई चित्राबाहेर गेलीसुद्धा. चटई तेवढी राहिली. कॅमेरा तिच्यावरच रोखलेला. मग काकू स्वतःशीच म्हणाल्या, "झालं. आता उद्यापर्यंत नाही यायची. ती कार्टी आली की मी कोण?"

दुकानात काकू शरमेने लाल झाल्या. "बंद करो भैया, आगे कुछ नहीं है."

त्या पर्सचा बंद ओढू लागल्या. मग म्हणाल्या, "फार जळायचे गं मी तुझ्यावर. हॉर्न ऐकला की त्या बसचाही राग यायचा."

"मीपण जळायचे, काकू. अजूनही जळते."

त्या खो खो हसल्या. दुकानदार बघतच राहिला.

या थंडीत काकूही गेल्या. त्यांच्या मुलाने पेन ड्राइव्ह आणि ट्रंक, दोन्ही माझ्याकडे पोचवलं. आता आई हवी तेव्हा दिसते. पण आई चित्राबाहेर गेली ती माझ्याकडे आली होती, आणि त्या दुपारी ती मला काय म्हणाली, तिने मला काय खायला दिलं, यातलं मला काही म्हणजे काही आठवत नाही. काकूंनी मात्र ती गेल्यानंतरची चटईसुद्धा जपून ठेवली. त्याबद्दल मला त्यांचा हेवा वाटतो, तो काही केल्या जात नाही.