ठिपका आला की बाई मान वळवते

आधीच सांगून टाकते, मी गणिताची बाई आहे. एकतीस वर्षं शिकवलं. शाळेत एखादीच्या अंगात आलं की बाकीच्या मास्तरणी लिंबू उतरवायला धावायच्या, आणि मी त्याच लिंबाचं सरबत करून तिला पाजायची आणि वर्गात बसवायची. तेव्हा 'बाईंनाही लागलं वाटतं' असं ज्यांना म्हणायचंय त्यांनी खुशाल म्हणावं. घरात सांगितलं तर मुलगा लगेच बीपीचं मशीन काढतो, म्हणून इथं लिहितेय.

आमचं घर गडचांदूरला. माझे बाबा इथल्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते, म्हणजे वर केबिनमध्ये बसून पिक्चर चालवणारे. टॉकीज केव्हाच गेली, तिथं आता लग्नाचं लॉन आहे. बाबा ऐंशीच्या घरात आहेत. काचबिंदूनं उजवा डोळा आधीच गेला होता, आणि डाव्या डोळ्याला नळीतून पाहावं तसं मधलं तेवढंच दिसायचं. चंद्रपूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, हेही दोन-तीन महिन्यांचंच आहे. काय पाहायचं ते पाहून घ्या.

कुणी काशी म्हणेल, कुणी नातवाचं लग्न. आमच्या बाबांना एका बाईचं तोंड पाहायचं होतं... तेही एका जुन्या काळ्यापांढऱ्या भुताच्या पिक्चरमधल्या.

पिक्चरचं नाव सांगत नाही, उगाच वाद नको. पण दरवर्षी कापूस निघाला की तो आमच्याकडे लागायचाच. कोरपन्याकडून, जिवतीच्या पहाडावरून माणसं उतरायची. सगळ्यांना गोष्ट पाठ, तरी यायची. बाबा म्हणायचे, कलर पिच्चरमधी भूत दाखवतेत, काळ्यापांढऱ्यात ते आपल्याले शोधा लागते. त्यात ती नायिका पांढऱ्या साडीत, हातात कंदील घेऊन जिना उतरते. पाठमोरी. अर्ध्या जिन्यात थांबते आणि मान वळवते. त्या क्षणाला अख्खी टॉकीज किंचाळायची.

बाबांनी ते किंचाळणं शेकडो वेळा ऐकलं. तोंड मात्र एकदाही पाहिलं नाही.

कारण सांगते. पिक्चर बऱ्याच रिळांत यायचा आणि केबिनमध्ये मशीनं दोन, रीळ संपलं की पुढचं दुसऱ्यावर. रीळ संपत आलं की पडद्याच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात एक ठिपका चमकतो. पहिल्या ठिपक्याला दुसरं मशीन चालू करायचं, मग सात-आठ सेकंदांनी दुसरा ठिपका, त्याला इकडचं बंद, तिकडचं उघडं. चुकलं की पडदा पांढरा आणि खाली शिव्या. त्यामुळे ऑपरेटरची नजर तेवढा वेळ कोपऱ्यातच. आणि नेमकी ती बाई मान वळवायची त्याच सात-आठ सेकंदांत. बाबांनी रीळ हातात धरूनही पाहिलं होतं, पण शेवटचा तुकडा ओरखड्यांनी भरलेला आणि तोंड तांदळाच्या दाण्याएवढं. एकदा मुद्दाम चंद्रपूरला जाऊन तिकीट काढून पाहिला. तिथंही ठिपका आला आणि डोळे आपोआप कोपऱ्यात. माझी आई मरेपर्यंत त्यांना त्यावरून चिडवायची.

लोकांना विचारावं, तर त्यांचंही एकमत नाही. पानठेलेवाला म्हणे, तिला डोळेच नव्हते. कुणी म्हणे, दात. आई म्हणायची, काई नाई, साधीच होती, रडून राह्यली होती. माझं मत, अर्ध्या लोकांनी तेव्हा डोळेच मिटलेले असणार.

मुलानं तो पिक्चर यूट्यूबवर शोधून पेन ड्राइव्हवर घेऊन दिला. मी आधी एकटीनं पाहिला, आणि माझं तोंड उतरलं. बाई जिन्यावर थांबते, पहिला ठिपका येतो, तिची मान जराशी हलते... आणि झटकन टांगा दिसायला लागतो. रिळाची टोकंच सगळ्यात आधी झिजतात, तुटतात, मग कापून टाकतात, हे बाबांनीच मला शिकवलेलं. या प्रतीत ती वळतच नव्हती.

बाबांना सांगायची माझी हिंमत झाली नाही. सगळा आहे पिक्चर, म्हणून टाकलं. मनात ठरवलं, ती जागा आली की म्हणायचं, वळली बाबा, तुम्हालाच दिसलं नाही. आंधळ्या होत चाललेल्या बापाशी असं खोटं बोलणार होते मी. आजही त्याची लाज वाटते.

मे महिना, दुपारचे अडीच. गावाजवळच्या खाणीतल्या ब्लास्टिंगचा भोंगा आणि धमाका केव्हाच होऊन गेला होता, हे मुद्दाम सांगते. बाबांनी कूलर बंद करायला लावला. म्हणाले, हा गप्प बसून पाह्याचा पिच्चर आहे. ते दिवाणावर, मी टीव्हीशेजारी स्टुलावर, त्यांच्याकडे तोंड करून. मधे नुसती फरशी.

ती जागा आली. ठिपका चमकला आणि बाबांची मान टपकन कोपऱ्याकडे गेली, उजवा हातसुद्धा उठला. नळीएवढ्या नजरेत कोपऱ्याशिवाय काय दिसणार?

"गेली का?" त्यांनी विचारलं.

"गेली," मी म्हटलं.

"अजून एक डाव लाव, शोभा."

मला रडू यायला लागलं. काय सुचलं कोण जाणे, कपाळावरची टिकली काढली आणि टीव्हीच्या त्या कोपऱ्यावर चिकटवली. ठिपकाच दिसला नाही तर नजर तरी जागेवर राहील, नाही वळली बाई तर नाही वळली. फाइल मागे घेतली आणि बाबांच्या तोंडाकडे पाहत बसले.

जिना आला. कंदील आला. बाबांचा हात सवयीनं उचलला गेला आणि तसाच अधांतरी राहिला. नजर हलली नाही.

आणि माणसं किंचाळली.

टीव्ही माझ्या कानाशी होता, आवाज तिकडून आला नाही. तो समोरून आला, दिवाण आणि टीव्हीच्या मधल्या रिकाम्या फरशीवरून. आधी बायका, मग शिट्ट्या, बाकड्यांची करकर, कुणाचं तरी तान्हं रडायला लागलं. केबिनमधून पाहिलं तर पब्लिक तिथंच बसलेलं असतं, ऑपरेटर आणि पडद्याच्या मधे. तीन-चार सेकंद असतील. बाबांच्या तोंडावर उजेड पडला होता आणि ते एकटक समोर पाहत होते. मी वळून पाहीपर्यंत पडद्यावर टांगा धावत होता.

"पाह्यली," बाबा म्हणाले. एवढंच. मग पाणी मागितलं आणि झोपले.

मी तेवढा तुकडा पुन्हा लावला. टिकली ठेवून लावला, काढून लावला, एकेक चित्र थांबवून पाहिलं. मान जराशी हलते आणि टांगा. मुलानं दुसरी प्रत शोधली, तीही तिथंच तुटलेली. शेजारच्या काकूंना विचारलं, दुपारी काही आवाज? त्यांना काहीच नाही. ऊन लागलं म्हणावं तर एकाच वेळी दोघांना कसं? बाबांनी मनानंच रचलं म्हणावं, तर मी काय ऐकलं?

ऑगस्टमध्ये डावा डोळाही गेला. चंद्रपूरला दाखवायला नेलं तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, शेवटचं स्पष्ट काय दिसलं होतं? बाबा म्हणाले, बाई. डॉक्टर माझ्याकडे पाहायला लागले आणि मी, जिला कुणी गप्प करू शकत नाही, पर्समध्ये जुन्या चिठ्ठ्या शोधायला लागले.

येताना गाडीत मी शेवटी विचारलंच, कशी होती?

म्हणाले, "लोक सारे चुकीचं सांगत होते. ते हिरोकडे पाहत नाई अन् पब्लिककडेही नाई. सीधी वर पाह्यते, केबिनच्या खिडकीकडे. माह्याकडे. इतके वर्षं पाहून राह्यली होती, शोभा, अन् मी साला ठिपका पाहत बसलो."

आणि ऐंशीच्या घरातला माझा आंधळा बाप चक्क लाजला. मी त्यांचा हात हातात घेऊन बसले. काय झालं होतं ते मला अजून सांगता येत नाही, तुमच्यापैकी कुणाला येत असेल तर सांगा.