जवाहरअण्णांच्या पेटीचं झाकण

पेटी हातात आली की मानसिंगराव निकम आधी झाकण उघडून आत नाक घालतात. हत्यारं कधीच गेलेली असतात, पण काम कोणतं होतं ते त्यांना वासावरून कळतं. सुताराच्या पेटीला सरसाचा वास येतो, न्हाव्याच्या पेटीला साबणाचा.

सैन्याच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर त्यांनी साताऱ्यात, मेढ्याच्या रस्त्याला घर बांधलं आणि घरामागं पत्र्याची शेड घातली. शेडमध्ये गाडी येणार असं सगळ्यांना वाटलं होतं. आल्या त्या पेट्या. भंगारवाल्याकडच्या, बंद पडलेल्या गॅरेजमधल्या, कुणाच्या माळ्यावरच्या. मानसिंगराव त्यांचे पोचे लाकडी हातोडीनं काढायचे, मोडक्या बिजागऱ्या बदलायचे, लाकडाला जवसाचं तेल पाजायचे. काही पेट्या स्वतःकडं ठेवायचे, काही लोकांना दुरुस्त करून द्यायचे.

“लोकांच्यात पेटीत सामान असतंय,” त्यांच्या पत्नी राजेश्वरीबाई पाहुण्यांना सांगायच्या, “आमच्यात पेट्याच सामान.”

“भाजी निवडताना त्यातलीच एक टेकायला बरी लागती तुला,” मानसिंगराव शेडमधून ओरडायचे.

त्यांची एक खोड मात्र पक्की होती. कोणतीही पेटी आली की आधी ती पार उघडी करायची. जुना रंग, तेलाचा थर, गंज, सगळं खरवडून मूळ लाकूड किंवा पत्रा दिसला पाहिजे. उद्या साहेब तपासायला येणार आहे अशा बेतानं ते घासत बसायचे.

भाद्रपदात सांगलीकडच्या दुधगावचा जिनेश पाटील त्यांच्याकडं एक पेटी घेऊन आला. सागवानी, कोपऱ्यांना लोखंडी पट्ट्या, गाडीतून उतरवायला दोघं लागले. त्याचे वडील जवाहरअण्णा नदीकाठच्या मळ्यांमधली ऑइल इंजिनं दुरुस्त करायचे. तीन वर्षांपूर्वी ते गेले. जिनेशचं सांगलीत ठिबक सिंचनाचं दुकान होतं. दर्शनी भागात काचेचं कपाट करून त्यात ही पेटी ठेवायचं त्याच्या मनात होतं.

“काका, एकदम चकाचक करा,” तो म्हणाला. “आईला सांगितलेलं नाही. सरप्राइज आहे.”

दुसऱ्या दिवशी मानसिंगरावांनी पेटी वर्तमानपत्रावर ठेवली. झाकणावर काळाकुट्ट, जाड थर होता. ग्रीस असणार. त्यांनी फडकं डिझेलमध्ये भिजवून त्यावर टाकलं, थोडं थांबले आणि पातळ पट्टी घेऊन खरवडायला बसले. थराचे चांगले तुकडेच्या तुकडे निघायला लागले. असं निघालं की मानसिंगरावांना गाणं सुचतं. निम्म्याहून जास्त झाकण उघडं झालं तेव्हा ऊन शेडमध्ये आलं आणि हातातल्या तुकड्याची कड त्यांना दिसली. वर काळं, खाली लाल, त्याखाली पिवळं, पुन्हा काळं, पुन्हा लाल. कांद्याच्या पाकळ्यांसारखं.

त्यांचं गाणं थांबलं.

“अगं, जरा बाहेर ये,” त्यांनी हाक मारली.

राजेश्वरीबाईंनी तुकडा हातात घेतला. “हे तर हळदीकुंकू हाय. खंडेनवमीचं.”

“व्हय.”

“अन् तुमी खरवडलं?”

“ग्रीस वाटलं मला.”

“मिलिटरीत देवबी पुसून ठेवायला शिकवत्यात व्हय?”

खरं तर तसंच होतं. खंडेनवमीला पलटणीत हत्यारांची पूजा व्हायची आणि पूजा झाली की संध्याकाळच्या आत प्रत्येक हत्यार पुसून, तेल देऊन जागेवर. निवृत्तीनंतर ते स्वतःचे पाने आणि हातोड्या पुजायचे, तेही दुसऱ्या दिवशी लख्ख पुसायचे. कुणी पेटीवरचं हळदीकुंकवाचं गंध वर्षानुवर्षं ठेवत असेल, त्यावर तेल आणि धूळ बसत असेल आणि पुढच्या वर्षी त्याच्यावरच पुन्हा गंध लागत असेल, हे त्यांच्या मनातच आलं नव्हतं.

राजेश्वरीबाईंनी वाटी आणली आणि वर्तमानपत्रावर पडलेला कणन् कण गोळा केला. पायाखाली जायला नको.

मानसिंगरावांनी जिनेशला फोन लावला. तो हसला. “मग उरलेलंही काढा की, काका. काचेत ठेवायची आहे, एकसारखी दिसू दे.”

ते सोपं होतं. थोडं डिझेल, थोडा पॉलिशपेपर, आणि कुणाला काही कळलंही नसतं.

“आईंना घेऊन ये,” मानसिंगराव म्हणाले.

“पण सरप्राइज...”

“सरप्राइज व्हायचं ते झालंय. घेऊन ये.”

ते येईपर्यंत मानसिंगरावांनी दुसऱ्या कुठल्याच पेटीला हात लावला नाही. एखाद्या बाईच्या घरातलं, पुन्हा कुठून आणता येणार नाही असं काहीतरी आपण आपल्या हातानं घालवलं, हे त्यांना गिळता येत नव्हतं.

रविवारी जिनेश आईला, त्रिशलाबाईंना, घेऊन आला. ठेंगणी, काटक बाई. मानसिंगराव उभ्या उभ्याच बोलले, “वैनी, चूक माझी हाय. पोराला बोलू नका.”

त्रिशलाबाईंनी आधी उघड्या लाकडावरून हात फिरवला, मग उरलेल्या थरावरून.

“किती वर्सांचं होतं, ठावं हाय?”

“न्हाई.”

“मलाबी न्हाई. कोण मोजतंय.” मग त्या मुलाकडं वळल्या. “अन् तू रं? काचंत घालतोयस? त्येंनी कवा ह्या पेटीला कुलूप लावलं न्हाई.”

“आई, लोकांनी बघावी म्हणून...”

“लोकांनी बघितलीया. सगळ्या शिवारातल्या इंजिनांनी बघितलीया.”

जिनेश गाडीची किल्ली बोटावर फिरवत राहिला. राजेश्वरीबाईंनी वाटी पुढं केली. “पायाखाली येऊ दिलं न्हाई बघा. पण डिझेलचा वास लागलाय.”

त्रिशलाबाईंनी वाटी नाकाशी नेली आणि आल्यापासून पहिल्यांदा हसल्या. “आवं, त्येंच्या अंगाला दुसरा कुठला वास होता?”

त्यांनी वाटीतलं सगळं कागदात बांधून घेतलं. उरलेल्या थराला हात लावू नका, कुरकुरणारी बिजागरी तेवढी बघा, असं सांगितलं. गाडीत बसताना मात्र थांबल्या.

“भाऊ, खंडेनवमीला तुमी दोघं दुधगावला या. ते गेल्यापास्नं पेटी पुजली न्हाई. जिनेश कॉम्प्युटर पुजतोय. हत्याराला हात लावणाऱ्यानं गंध लावावं, असं म्हणत्यात आमच्यात. तुमी काढलंय, आता तुमीच लावा.”

बिजागरी बदलली, पट्ट्यांचा गंज काढला, उघड्या लाकडाला तेल दिलं. थराच्या कडेशी आले की मानसिंगराव फडकं बाजूला ठेवून बोटानं तेल लावायचे.

खंडेनवमीला ते दोघं सकाळीच दुधगावला पोचले. मळ्यातल्या इंजिनाच्या खोलीत पेटी मांडली होती, भोवती झेंडूची फुलं. त्रिशलाबाई दारापाशी उभ्या होत्या. त्यांच्या थोरल्या जाऊबाई फुलं सारखी करत होत्या. जिनेशनं पाट दिला, गंधाचं ताट पुढं ठेवलं.

मानसिंगराव बसले. नव्या रेघा जुन्यांच्या ओळीत याव्यात म्हणून त्यांनी आधी कोरडीच बोटं उरलेल्या थरात अजून उंचवट्यानं दिसणाऱ्या बोटांच्या रेघांवर ठेवून बघितली. बोटं बसेनात. रेघा बारीक होत्या, एकमेकींच्या जवळ. त्यांची बोटं दोन दोन रेघा झाकत होती. त्यांनी पुन्हा ठेवून बघितली.

“वैनी, अण्णांचा हात कसा होता?”

“दणकट. तुमच्यासारखाच.”

“मग ही बोटं अण्णांची न्हवंत.”

त्रिशलाबाई हळूच म्हणाल्या, “त्येंचे हात कायम तेलात. म्हणायचे, तूच ओढ, तुजी बोटं स्वच्छ हायती.”

“दर वर्साला?”

“लगीन झाल्यापास्नं.”

“मग मला कशाला बसवलंय?”

“आता मी लावू नये म्हणत्यात.”

“कोण?”

“सगळीच,” त्या म्हणाल्या. जाऊबाईंचा फुलांवरचा हात थांबला. जिनेश आईकडं बघत राहिला. इतक्या वर्षांत पेटीला गंध कोण लावतं, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं.

मानसिंगराव गुडघ्यावर हात टेकून उठले. ताट उचललं आणि त्रिशलाबाईंच्या पुढं धरलं.

“एकदा तुमच्या हातच्या कामावर पट्टी फिरवून बसलोय, वैनी. आता परत न्हाई.”

त्रिशलाबाई दारातून हलल्याच नाहीत. शेवटी जाऊबाईच करवादल्या, “लाव की आता. त्ये बिचारं ताट धरून किती येळ हुभं ऱ्हाणार? गंध वाळतंय.”

त्रिशलाबाई खाली बसल्या. तीन बोटं बुडवली आणि उघड्या लाकडावर ओढली. तेल प्यालेल्या लाकडावर रंग उजळ उठला. पण मधली रेघ वाकडी गेली.

“आई, पुसून परत ओढ,” जिनेश म्हणाला.

“ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या. “पुढच्या वर्साला तिच्यावरनं सरळ ओढीन.”