ताईचे पांढरे दात

मोठ्या दुष्काळात आमच्या गावात बोअर झाली, तिच्यावर हापसा बसला. त्याचं पाणी साऱ्या पंचक्रोशीत गोड म्हणून नावाजलेलं. त्याच पाण्यानं आम्हा बहिणींच्या दातांवर तपकिरी रेघा उमटवल्या होत्या, हे कुणाच्या ध्यानीमनीही नव्हतं.

ताईला पाहायला पहिले पाहुणे आले, तेव्हा त्यांच्यातल्या एका बाईनं आईला बाजूला घेऊन विचारलं, "पोरगी मिसरी लावती का वो?" ताईनं जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता. ते स्थळ गेलं आणि ताईचं हसणंही गेलं.

मग अंबडहून मावशी आली. प्रत्येक दुखण्यावर तिच्याकडे इलाज, आणि तो दुसऱ्यावर करून पाहायची भारी हौस. "लिंबू पिळ, खायचा सोडा घाल, अन् विटकरीच्या पुडीनं बराबर घास. बिलकुल मोत्यावानी होत्यात," ती म्हणाली. ताई रोज न्हाणीत बसून घासायची. हिरड्यांतून रक्त यायचं. "बास कर गं माय," आई म्हणायची, पण ताई ऐकेल तर शपथ. दात खरंच उजळले. थंड पाण्यानं ती कळवळायला लागली होती, पण त्या आनंदात ते कुणी मनावर घेतलं नाही.

पुढचं स्थळ केदारखेड्याकडचं, मोसंबीच्या बागेचं. मुलगा तोंड मिटून बसला होता. शांत आहे, म्हणून आम्हाला आवडला. त्याच्या आईनं बरोबर आणलेली मोसंबी सोलून ताईला फोड दिली, "खाय पोरी, आपल्याच बागंतली हाय." ताईनं ती चावली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. पोरगी किती मायाळू, म्हणून त्यांनी तिथंच सुपारी फोडली.

लग्नाआधी दुखणं असह्य झालं, तेव्हा वडिलांनी तिला जालन्याला दातांच्या डॉक्टरकडे नेलं. "हे डाग लहानपणी पाण्यामुळे पडलेले. ते घासून काढायचे नसतात," डॉक्टर म्हणाले. "हिनं दातांचं वरचं कवच घासून काढलंय. ते परत येत नाही."

लग्नात घास भरवताना बायकांनी नवरदेवाला नाव घ्यायला लावलं आणि तो पहिल्यांदाच खळखळून हसला. त्याच्या दातांवर तशाच तपकिरी रेघा होत्या. मागं उभ्या असलेल्या त्याच्या भावांच्याही. त्यांच्या गावातही बोअरचंच पाणी. मला रडू आवरेना. ताई सासरी चालली म्हणून रडतेय, असं समजून बायका माझी समजूत घालत बसल्या.

दाजी आजही तसेच मोकळे हसतात. ताई मे महिन्यातही पाणी कोमट करून पिते. दारात मोसंबीची बाग आहे, पण सुपारी फुटली त्या दिवसानंतर तिनं एकही फोड तोंडात घातलेली नाही.