चादरीखालचा भाव

देवणीचे महादेवप्पा उदगीरच्या बैलबाजारातले जुने दलाल आणि जलीलभाई त्यांचे भागीदार. दोघं जन्मभर भांडले, पण भागीदारी काही मोडली नाही. त्या वर्षी लातूरला पिण्याचं पाणी रेल्वेनं येत होतं. उदगीर जिल्हा होणार म्हणून चौकाचौकात लोक आधीच पेढ्यांच्या गोष्टी करत होते, आणि बाजारात बैलाला कुत्रं विचारत नव्हतं. त्यातच महादेवप्पांच्या हृदयाची झडप निकामी झाली.

लातूरच्या दवाखान्यात नर्सनं त्यांच्या कपाळावरची विभूती पुसली आणि तिथं दोन चिकटपट्ट्या लावल्या. भूल देणाऱ्या डॉक्टरबाईंनी त्यांच्या बायकोला, कमलम्मांना, समजावलं, "हृदय थांबवून काम करायचंय. तेवढ्यात मेंदूला प्राणवायू पोचतोय का, ते या पट्ट्या सांगतात." कमलम्मांनी मान डोलावली. जलीलभाईंनीही. डोक्यात मात्र दोघांच्याही काही शिरलं नाही.

दुपारी डॉक्टरबाई बाहेर आल्या. झडप नीट बसली होती. "पण मधेच डाव्या पट्टीचा आकडा घसरला. लगेच रक्तदाब वाढवला, आकडा वर आला. तरी मेंदूच्या त्या बाजूवर चालणारा उजवा हात आणि समज शाबूत आहे का, ते शुद्धीवर आल्यावरच कळेल."

जलीलभाई बाकावर बसून राहिले. चहा आला, गार झाला. भीतीसुद्धा वाटेना. जिवाभावाचा माणूस आत पडलाय आणि आपण असे दगडासारखे कसे, याचीच त्यांना चीड आली.

दुसऱ्या दिवशी महादेवप्पांनी डोळे उघडले. घशात नळी. बाई म्हणाल्या, "हात दाबा." ते नुसते बघत राहिले.

"भाई, तुमी बघा की," कमलम्मा कशाबशा बोलल्या.

बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत; रुमालाखाली जितकी बोटं धरली, तितका भाव. नर्स रुमाल आत आणू देईना, म्हणून जलीलभाईंनी चादरीचा कोपराच त्या उजव्या हातावर ओढला.

"देवणी बैलांची जोडी हाय, अप्पा. बोला."

जलीलभाईंनी अप्पांची पाचही बोटं मुठीत धरली. हा सुकाळातला भाव. आजाऱ्याला कमी सांगायला त्यांचा जीव धजला नाही.

बराच वेळ काहीच नाही. मग अंगठा हळूच सुटला. मागून करंगळी. मग आणखी एक. जलीलभाईंच्या मुठीत दोनच बोटं उरली, आणि ती हलेनात. यंदाचा भाव तेवढाच होता.

"काय म्हणले?" कमलम्मांनी विचारलं.

"समदं ध्यानात हाय," जलीलभाई म्हणाले, "दुष्काळ बी." आणि कालपासून न आलेलं रडू त्यांना आवरेना.