काचेवर नसलेला ठसा

बाईंनी आपल्या होणाऱ्या सुनेला पहिल्यांदा नीट पाहिलं, तेव्हा ती पाण्याचा पेला खिडकीच्या उजेडात धरून निरखत होती. मुलाने तिला घरी भेटायला आणलं होतं. ओळखपाळख व्हायच्या आधीच पोरगी पेल्यात खोट काढते आहे, असं वाटून बाई जरा फणकाऱ्यानेच म्हणाल्या, "घासलेला आहे हो!"

"घासलेला आहे म्हणूनच इतकं स्वच्छ दिसतंय," ती म्हणाली. "ही बोटं तुमची. हा अंगठा मात्र यांचा. पाणी यांनी भरलं ना?"

आपला मुलगा कुणाला पाणी भरून देतो, हा शोध बाईंनाही त्याच दिवशी लागला. त्या इतक्या हसल्या की रागवायचं राहूनच गेलं.

सूनबाई सरकारी ठसे विभागात कामाला होती. चोरी झाली, मारामारी झाली, की ब्रश, पावडर आणि चिकटपट्टीची पेटी घेऊन निघायचं. दारं, काचा, कपाटं यांवरचे ठसे उचलून पांढऱ्या कार्डावर चिकटवायचे आणि मग भिंगाखाली रेषेला रेष लावत बसायचं. कचेरीत तिला भिंगताई म्हणत. काळी पावडर तिच्या बोटांच्या चिरांत कायमची बसली होती. घरात बिस्किटांच्या डब्याला हात लावायची चोरी. "आई, डबा दुपारी उघडलात," असं ती संध्याकाळी सहज म्हणायची, आणि बाई, ज्यांनी बत्तीस वर्षं शाळेत मुलांच्या कॉप्या पकडल्या, त्या चक्क खाली बघायच्या.

बाई निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच हट्ट धरला. "एकदा तुझी साक्ष बघायची आहे मला."

"त्यात बघण्यासारखं काही नसतं, आई. सही माझी आहे, ठसा जुळतो, संपलं. झोप येईल तुम्हाला."

"वर्गात झोपणाऱ्यांना ओळखते मी. नाही झोपत."

अकरा वर्षांपूर्वी एका मंगळवारी अखेर त्या गेल्या. घड्याळांच्या एका दुकानात चोरी झाली होती आणि राखणदाराच्या डोक्यात काहीतरी जड घालून त्याला कायमचं आंधळं केलं होतं. आरोपी होता लिफ्ट दुरुस्त करणारा एक तरुण. आपण त्या दुकानात पाऊलसुद्धा ठेवलेलं नाही, असं तो पहिल्या दिवसापासून सांगत होता. पण आतल्या काचेच्या कपाटावर त्याच्या उजव्या तर्जनीचा ठसा सापडला होता, आणि तो जुळवला होता सूनबाईने. जामीन दोनदा नाकारला गेला होता. सात महिने तो आत होता.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या खोलीत बाई मागच्या बाकावर बसल्या. शेजारी एक सडसडीत बाई मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसली होती.

"तुमचं कोण आहे?" तिने विचारलं.

"सून. साक्षीला आली आहे. तुमचं?"

तिने आरोपीच्या पिंजऱ्याकडे हनुवटी केली. "नवरा. आज ठशांवाली बोलणार म्हणे. वकील म्हणाले, ती बोलली की खेळ खलास."

आपली सून म्हणजेच ती, हे सांगायला त्यांची जीभ रेटेना.

सूनबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी राहिली. शपथ झाली. सरकारी वकिलांनी लाखेचं सील फोडून मूळ कार्ड तिच्या हातात दिलं. "मॅडम, कार्डावरची सही तुमचीच?"

"माझीच."

"ठसा कुठून उचललात?"

सवयीने तिने खिशातलं घडीचं भिंग उघडलं आणि कार्डावर धरलं. आणि तशीच राहिली.

वर पंखा कुरकुरत होता. लघुलेखकाची बोटं कळांवर थबकली होती. घरी पेल्यावर, डब्यावर रोखलेली ती नजर बाईंच्या ओळखीची होती. पण तिच्या कानशिलाजवळ शीर उडताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"मॅडम, सोपा प्रश्न आहे," वकील हसून म्हणाले. "दुकानातल्या कपाटाच्या काचेवरून, बरोबर?"

"कार्डावर तसं लिहिलं आहे," ती म्हणाली. "अक्षर माझं आहे. ठसाही आरोपीचाच आहे, त्यात शंका नाही. पण हा ठसा काचेवरचा नाही."

खोलीत एकदम कल्ला झाला. "काय बोलताय तुम्ही?" वकील ओरडले. न्यायाधीशांनी पेन टेबलावर आपटलं. "शांत! नीट सांगा बाई. घाई नको."

"साहेब, काच गुळगुळीत असते. तिच्यावर पावडर सपाट बसते. इथे ठशाच्या कडेला जी पावडर पसरली आहे, तिच्यात बारीक दाणे उमटलेत, एकसारखे. हा खरखरीत रंगाचा पत्रा आहे. जुळवणीसाठी मी मोठा केलेला फोटो वापरला होता. त्यात फक्त ठसा कापून घेतलेला होता, ही कडा नव्हती. रेषांवरचे ठिपके मी घामाची छिद्रं समजले."

"मग हा आला कुठून?"

बाईंनी नकळत शेजारणीचं मनगट धरलं होतं.

"त्या दिवशी मी दोन ठिकाणी गेले होते. सकाळी घड्याळांचं दुकान. दुपारी एका इमारतीत, लिफ्टच्या तारा चोरीला गेल्या होत्या तिथे. लिफ्टच्या पेटीला असाच दाणेदार रंग होता. आणि लिफ्ट हाच माणूस सांभाळतो, म्हणून तिथले त्याचे ठसे चोराच्या ठशांपासून वेगळे काढायला त्याच्या दहा बोटांचे नमुने घेतले होते; तेच नमुने पुढे दुकानाच्या कार्डाशी जुळले. दोन्हीकडची कार्डं मी जागेवर लिहायला हवी होती. पाऊस येईल म्हणून घाई केली, आणि परत येताना जीपमध्ये एकदम लिहिली. साहेब, मला वाटतं मी दोन कार्डं उलटसुलट लिहिली."

"वाटतं? वाटण्यावर कोर्ट चालत नाही," न्यायाधीश म्हणाले. "दाखवता येईल?"

"येईल. लिफ्टच्या पेटीचं म्हणून लिहिलेलं कार्ड आमच्या कपाटात सीलबंद आहे, न जुळलेलं. ते मागवा. आणि कपाटाचं काचेचं दार मुद्देमालात आहे, तेही मागवा. मला मात्र पाठवू नका. मी हात लावलेला नको."

तीन वाजेपर्यंत काम थांबलं. बाई धावतच सुनेकडे गेल्या. "अगं, पाणी तरी—"

"आई, माझी साक्ष अर्धी आहे. माझ्याशी बोलू नका," सूनबाई म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. बाईंना तिला जवळ घ्यायचं होतं. त्याऐवजी त्या निमूट वळल्या. बाकावरच्या बाईने डबा उघडून त्यांच्यापुढे केला. "तुमचीच सून का?" एवढंच तिने विचारलं. बाईंनी मान हलवली. दोघींना एक घास गिळवेना.

तीनला दहा कमी असताना शिपाई लिफाफा घेऊन धापा टाकत आला. मागून दोघांनी काचेचं दार उचलून आणलं. सील सगळ्यांना दाखवून फोडलं. न्यायाधीश स्वतः खाली उतरले, दोन्ही वकील दारावर वाकले, आणि मागच्या बाकावर बसलेल्या बाई चक्क बाकावर उभ्या राहिल्या. कुणी त्यांना उतरा म्हटलं नाही.

"या दाराला खालच्या कोपऱ्यात ओरखडा आहे," सूनबाई लांबूनच म्हणाली. "नखाएवढा, शेवटी वाकलेला. लिफाफ्यातल्या कार्डावरचा ठसा इथला असेल तर पावडरीत ती रेघ कोरी राहिलेली असेल."

न्यायाधीशांनी भिंग घेतलं. लिफाफ्यातलं कार्ड काचेच्या कोपऱ्याशी धरलं. सरकवलं. पुन्हा धरलं.

"आहे," ते म्हणाले. "वाकलेली आहे."

"आणि तो ठसा?" आरोपीच्या वकिलांचा आवाज चिरकला. "तो कुणाचा?"

"कुणाचा ते मला माहीत नाही. आरोपीच्या दहा बोटांपैकी एकाचाही नाही. तेव्हाच तपासला होता, इमारतीच्या गुन्ह्यासाठी."

डबा खाली पडला आणि झाकण बाकांखालून गडगडत गेलं. कुणी ते उचललं नाही. पिंजऱ्यातला तरुण दोन्ही हातांनी गज धरून खाली बसला होता आणि त्याची बायको "अहो! अहो!" एवढंच म्हणत होती.

त्याच संध्याकाळी त्याला जामीन मिळाला, महिनाभरात तो निर्दोष सुटला. तो अनोळखी ठसा दुकानाच्या गुन्ह्यात धरून शोधला तेव्हा खरा चोरही सापडला. तो दुसऱ्याच शहरात आधी पकडला गेला होता आणि त्याचे ठसे तिथल्या नोंदीत होते.

घरी येताना बसमध्ये बाईंनी विचारलं, "आता तुझं काय गं होईल?"

"चौकशी होईल. व्हायलाच हवी. सात महिने गेले त्याचे, आई."

"गप्प बसली असतीस तर कुणाला कळलं असतं?"

"मला."

तिच्या काळ्या चिरांचा हात बाईंनी शेवटच्या थांब्यापर्यंत मांडीवर धरून ठेवला.

चौकशी सव्वा वर्ष चालली. ठपका आला, मुख्य तज्ज्ञाची खुर्ची तिच्यानंतर लागलेल्या माणसाला मिळाली, आणि दोन सरकारी वकील अजून तिच्याशी बोलत नाहीत. सूनबाई आता बावन्न वर्षांची आहे. पद तेच आहे, सहायक तज्ज्ञ, आणि सोमवार ते शनिवार ती साडेनवाच्या बसने कामाला जाते.